जानोरीच्या आईंना

नाशिक, १८ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप आईंना,
साधनाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. कुणाला काही झालेलं नाही, मी बरी आहे. फोन करता आला असता, पण तुमचा मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलेला असतो आणि वाजला की जो जवळ असेल तो उचलतो. राजने उचलला तर मी काय बोलणार? म्हणून हे पत्र सुमनबाईंकडे देते आहे. तुम्ही फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजारात आलात की त्या देतील. आपला माल त्याच घेतात अजून, असं म्हणाल्या. 'आपला' लिहून गेले. राहू दे तसंच.

गेल्या महिन्यात कोर्टात सगळं संपलं. राजने घरी सांगितलंच असेल. साहेबांनी त्याला विचारलं, मला विचारलं, दोघांनी हो म्हटलं, आणि चार वर्षांचा संसार चहा पिऊन व्हावा इतक्या वेळात मोकळा झाला. बाहेर आल्यावर राज म्हणाला, "सोडू का कुठे?" मी नको म्हटलं. रिक्षात बसल्यावर मनात आलं, नवरा-बायकोचं तर ठरलं, पण सासू-सुनेचं काय करायचं, ते कुणी विचारलंच नाही.

मी घर सोडून निघाले त्या दिवशी तुम्ही शेवंतीत होतात. मी बॅग घेऊन बांधावर उभी राहिले. तुम्ही मान वर केली नाहीत. फुलं तोडल्यासारखं करत होतात, पण टोपलीत एकही फूल पडत नव्हतं. ते मी पाहिलं. मग बस आली.

आता मी सिडकोत पवननगरला राहते. वरची खोली आहे, खाली मालकीणबाई राहतात, यशोदाबाई. बोलायला फटकळ, पण पाणी आलं की हाक मारतात. लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी स्कूटीवरून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, दुपारनंतर लॅबमध्ये बसते. हात हलका आहे म्हणतात लोक.

शेगडी घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, एक बर्नर की दोन? एवढा साधा प्रश्न, आणि मला उत्तर देता येईना. घरात प्रत्येक गोष्ट आधीच ठरलेली असायची. शेवटी दोनची घेतली. एकटीला दोन कशाला, हे आता रोज शेगडी पुसताना वाटतं. बाजारात पाव किलो गवार घेतली तरी ती मला तीन वेळा पुरते. एका माणसापुरतं शिजवायचं कसं, हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. तुमचाही इलाज नव्हता, तुमच्या हाताला दहा माणसांचा अंदाज.

उत्तर नाही आलं तरी चालेल. वाचलंत एवढं कळलं तरी पुरे.

साधना

*

नाशिक, ११ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप आईंना,
नमस्कार.

निरोप मिळाला. सुमनबाई म्हणाल्या, "सिंधुबाईनं पत्र तिथंच पोत्यावर बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, तिला विचार, वेळेवर जेवती का." आणि बाजरीचं पीठ आणि मसाल्याची पिशवी दिली. पिशवी उघडली आणि खोलीत जानोरीचा वास पसरला. त्या दिवशी भाकरी केली. पहिली फाटली, दुसरी जमली. दोन्ही खाल्ल्या.

तुम्ही निरोपात विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात असेल म्हणून लिहिते. मी का निघाले? मला सगळे हेच विचारतात. मारत होता का? नाही. पीत होता का? नाही. मग? मनमाडला वडिलांनीही हेच विचारलं. रेल्वेत उभं आयुष्य गेलेला माणूस, त्यांना रुळावरून घसरलेली गाडी दिसली की कारण लेखी हवं असतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तू ठरवलंस, आता तूच निस्तर." तेव्हापासून त्यांनी फोन केलेला नाही. आई असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. ती गेली तेव्हा मी दहावीत होते. तिचा आवाज आता मला नीट आठवतही नाही, तुमचा आठवतो.

आई, आता मी आहे त्याच लॅबमधून नोकरीसाठी पहिल्यांदा फोन आला होता तेव्हा मी भांडी घासत होते. राजने उचलला आणि त्यांना सांगून टाकलं, ती येणार नाही, घरचं काम असतं. मला हे दोन दिवसांनी कळलं, तेही जेवताना, सहज. मी विचारलं, "मला विचारायचं तरी." तो खरंच चकित झाला. म्हणाला, "तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून मीच सांगितलं." त्यात त्याला काही गैर दिसत नव्हतं. आणि ते पहिलं नव्हतं. मनमाडला कधी जायचं, केस किती ठेवायचे, डॉक्टरला काय सांगायचं, सगळ्याचं उत्तर माझ्या तोंडून निघायच्या आत त्याच्या तोंडून निघायचं. प्रेमानेच. मला वाटायला लागलं की हळूहळू माझं तोंडच नाहीसं होईल. एवढंच कारण. तुम्हाला लहान वाटेल. मलाही रविवारी दुपारी कधीकधी लहान वाटतं.

आता एक विचारायचं आहे. रविवारी घट बसतील. यशोदाबाई विचारत होत्या, "तुम्ही बसवणार का? आणि कुणाच्या रीतीनं?" माहेरचे घट भावजय बसवते. सासर आता नाही. मग मी कुणाच्या घरची? बसवू की नको? तुम्ही सांगाल तसं करीन. एवढं एक मला कुणीतरी ठरवून दिलं तर हवं आहे.

साधना

*

नाशिक, २५ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप आईंना,

तुम्ही परवा परत गेलात. यशोदाबाईंनी खालून विचारलं, "गेल्या का तुमच्या आई?" मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं.

घट मी बसवले होते, तुमचा निरोप आल्यावर. "बसव म्हणाव. देवीला काय कोर्टाचं ठावं!" हे सुमनबाईंनी तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं. उगवलेलं धान जानोरीसारखं दाट नव्हतं, पण उगवलं.

मी पहिल्या पत्रात 'मी बरी आहे' असं लिहिलं होतं. तेव्हा बरं होतंच. दिवाळीच्या तोंडावर ताप भरला. रोज दुसऱ्यांचं रक्त काढणारी मी, स्वतःचं तपासायला आठवडा लावला. वाटलं, उतरेल. डॉक्टरकडे जायचं की नाही हेही एकटीनेच ठरवायचं असतं, आणि तापात माणूस चुकीचं ठरवतं. लॅबच्या काउंटरवरच्या तेजस्विनीने मला उचलून दवाखान्यात नेलं. डेंगू निघाला. तिने माझ्या मोबाइलमध्ये घरचं कुणी शोधलं तर 'आई' या नावाचा एकच नंबर. तिला काय माहीत, ती आई कोणाची! तिने लावला. राजने उचलला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी डोळे उघडले तेव्हा तुम्ही पायाशी बसून माझी नखं बघत होतात. नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" तुम्ही म्हणालात, "मी आई तिची. का, दिसत नाय का?" नर्स हसली. मी तोंड भिंतीकडे केलं, तुम्हाला वाटलं असेल झोपले.

आणि मग तुम्ही ते म्हणालात. मोसंबी सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

"चल घरी. मी राजशी बोलते. अजून काय बिघडलं नाय. कागूद झाला म्हणून काय झालं, पुन्हा चार माणसांत माळ घालू."

मी फोड तोंडात घातली. तुम्ही दुसरी फोड पुढे केलीत. "बोल की."

मी म्हटलं, "आई, ताप उतरू द्या."

आता ताप उतरला आहे. पण उत्तर द्यायच्या आधी तुम्हाला माहीत नसलेलं एक सांगते. तुम्ही खाली चहाला गेलात तेव्हा राज आत आला होता. दारातच उभा राहिला. वाळला आहे तो. म्हणाला, "चांदवडची एक मुलगी पाहिलीये. मंडळी चांगली आहेत, पुढच्या आठवड्यात कळवायचं आहे त्यांना." मी म्हटलं, "चांगलं झालं." तो थांबला. खिशातून हात काढला, परत घातला. मग म्हणाला, "आई रोज तुझ्या खोलीत जाऊन बसते. मी काय करू? तू येणार असशील तर मी त्यांना नाही कळवतो. तुला काय वाटतं, साधना?"

आई, आमच्या लग्नाच्या चार वर्षांत त्याने मला असं विचारलं नव्हतं. तुला काय वाटतं. हे त्याने शेवंतीच्या एखाद्या हंगामात, चहाचा कप हातात घेऊन विचारलं असतं तर मी आज तुमच्या शेजारी बसून गजऱ्याची फुलं निवडत असते. मी त्याला म्हटलं, "मी आईंना कळवते." त्याने मान हलवली आणि तुमच्यासाठी खुर्ची पंख्याखाली सरकवून गेला.

दवाखान्यातून आल्यापासून मी याच एका गोष्टीचा विचार करते आहे. खरं सांगू? मला यायचं आहे. पहाटे टेम्पोत क्रेट चढवताना तुम्ही देवाची जी नावं पुटपुटता ती ऐकायला यायचं आहे. दुपारी झेंडूत उभं राहून तुमच्याबरोबर कांदा-भाकर खायला यायचं आहे. तुम्ही माझ्या केसांना तेल लावताना लेकीसारखं रागावता, त्यासाठी यायचं आहे. काल मी बॅगही खाली काढली होती.

पण मी मोजून पाहिलं, यायच्या या सगळ्या कारणांत राज कुठेच नाही. मी आले तर तुमच्यासाठी येईन. त्याच्या ताटात वाढीन आणि बोलेन तुमच्याशी. त्याला पुन्हा तीच बाई मिळेल. आणि तो पुन्हा हळूहळू माझ्या वाटचं बोलू लागेल, कारण गप्प बसणाऱ्या माणसाच्या वतीने कुणालातरी बोलावंच लागतं. त्याने चांदवडला हो कळवावं. मी येत नाही, आई.

हे लिहून झालं आणि मी उठून लाडवांचा डबा काढला. अशक्तपणा आहे अजून. तुम्ही आणलेला डिंकाचा लाडू रोज एक खाते आहे. संपू नयेत म्हणून अर्धाच खावा असं वाटतं.

रागावू नका असं लिहिणार होते. रागवा. पण निरोप पाठवत जा.

तुमची
साधना

*

नाशिक, ३ मे २०२४

तीर्थरूप आईंना,

निरोप आला नाही. हिवाळा गेला, राजचं लग्नही झालं. सुमनबाईंना दर वेळी विचारते, त्या फुलांवर पाणी मारत म्हणतात, "पत्र दिलं होतं बाई. तिनं कमरेला खोचलं, आणि भाव विचारला." पुढे काही नाही. मीही मग लिहिणं थांबवलं. नव्या सुनेच्या पहिल्या दिवसांत जुन्या सुनेची पत्रं बाजारातून घरी यावीत, हे काही बरं नव्हे.

आज लिहिते, कारण आज लिहिलं नाही तर कदाचित कधीच लिहिणार नाही.

लग्न पंचवटीत, मेरी संस्थेजवळच्या लॉन्सवर होतं, हे मला माहीत होतं. त्या दिवशी माझे नमुने सगळे पंचवटीतले होते. एक घर तर लॉन्सच्या मागच्याच गल्लीत. बदलून घेता आलं असतं, तेजस्विनी म्हणालीही. मी नाही बदललं. का, ते माझं मलाही सांगता येणार नाही. एका म्हाताऱ्या आजोबांचं रक्त घेत होते आणि बाहेर बँड वाजत होता. आजोबा म्हणाले, "कुणाचं लग्न आहे?" मी म्हटलं, "ओळखीच्यांचं." "मग जायचं नाही का?" "ड्यूटी आहे, बाबा." नंतर स्कूटी त्या रस्त्याने न नेता पुढच्या वळणावरून फिरवून काढली. तरी तुमची मोरपंखी साडी मला दिसलीच, फाटकाशी. तुम्ही कुणाला तरी "जेवून जा, जेवून जा" म्हणत होतात. मी हेल्मेटमध्ये होते.

निवडलं ते निवडलं. पण निवडलेल्या गोष्टीबरोबर राहायला लागतं, रोज, साध्या साध्या वेळी. लाइट गेली की. भाजीवाली "वहिनी, घरी कोण कोण?" विचारते तेव्हा. सणाला चार पुरणपोळ्यांचं सामान आणायचं की दुकानातून दोन पोळ्या विकत आणायच्या, हे ठरवताना. एखादा दिवस असा जातो की मला वाटतं, चूक झाली, सरळ चूक झाली. दुसऱ्या दिवशी एखाद्या घाबरट पोराला बोलण्यात गुंतवून मी सुई टोचते आणि त्याला कळतही नाही, तेव्हा त्याची आई माझ्याकडे जशी बघते, त्यावर माझे दोन दिवस निघतात. मग पुन्हा चूक वाटते. असं चालू आहे.

मनमाडला गेले होते. वडिलांनी दार उघडलं, म्हणाले, "ये." चहा केला त्यांनीच. येताना स्टेशनपर्यंत आले.

तुमची सून सुखात असो. तिचं नाव आरोही आहे ना? छान नाव आहे. तिला तेल लावताना जरा हळू.

साधना

*

नाशिक, १० डिसेंबर २०२४

तीर्थरूप आईंना,
नमस्कार.

कालपासून हे पत्र डोक्यात आहे. तुम्ही समोर होतात तेव्हा फारसं बोलता आलं नाही, म्हणून आता कालचं सगळं पुन्हा लिहिते. माझ्या बाजूने कसं होतं, ते तुम्हाला कळावं.

तेजस्विनीने नाव पुकारलं, "आरोही राज," आणि पुढे तुमचं आडनाव. नाशकात त्या आडनावाची माणसं ढिगाने आहेत. मी मान खाली घालून नळ्यांवर लेबलं लावत होते. पडदा सरकला आणि तुमचा आवाज आला, "बस गं पोरी, घाबरू नको. इथं मुद्दाम आणलंय तुला. हिचा हात लय हलका हाय."

मी वर बघितलं. तुमच्या केसांत पांढरं वाढलं आहे. चष्मा नवा आहे. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू आपण काल संध्याकाळीच भेटलो होतो. आणि तिला म्हणालात, "ही साधना."

मला वाटलं होतं, हे नाव ऐकून ती उठून जाईल. ती बसून राहिली. गोरी, बारीक, पोट अजून दिसत नाही. घाबरलेली मात्र होती, सुईला की मला, ते कळेना. म्हणाली, "मला माहितीये. आईंनी सांगितलंय सगळं. घरात तुमच्या हातचं लोणचं होतं अजून, मीच संपवलं, डोहाळे लागल्यावर."

मी हसले. मग रबर बांधला, मूठ आवळायला सांगितली. तिची शीर पहिल्यांदा सापडेना. दिवसाला कितीतरी जणांचं रक्त घेते, पण काल हात माझा राहिला नव्हता. त्या पोरीच्या पोटात जे आहे त्याने मला काकू म्हणावं की काहीच म्हणू नये, असलं काहीतरी मनात येत होतं. मग मी श्वास घेतला. सुई टोचली. ती म्हणाली, "झालं? खरंच कळलं नाही." तिचं रक्त नळीत येत होतं आणि मी त्याच्याकडेच बघत राहिले. हे माझ्या वाट्याचं असू शकलं असतं. मी नको म्हटलं. नको म्हटलेल्या गोष्टीही मोठ्या होत जातात, आई. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी पोटात.

कापूस दाबून धरायला सांगितल्यावर ती हळूच बोलली. तुम्ही तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली शोधत होतात. "मी एक सांगू? मला उलट्या होतात म्हणून बाजारात जाता येत नाही. हे आईंना सोडतात, क्रेट उतरवतात आणि चांदोरीला रोपं बघायला निघून जातात. आई एकट्या बसतात दुपारपर्यंत. घरी आल्या की बोलत नाहीत फार. तुम्ही जात जा ना."

"तुला चालेल?" मी विचारलं.

तिने कापूस उचलून पाहिला, परत दाबला. तिने विचार केला, हे मला आवडलं. मग म्हणाली, "सुरुवातीला नसतं चाललं. आता चालेल."

आई, राजला बायको चांगली मिळाली आहे. ती त्याला तिच्या वाटचं बोलू देणार नाही.

ती टेम्पोकडे गेली आणि तुम्ही मागे थांबलात. पैसे भरायला थांबला आहात असं मला वाटलं. तुम्ही माझ्या हातातला ग्लोव्ह काढलात, लहान पोराचा मोजा काढावा तसा, आणि माझा हात धरलात. बाहेर पेशंट खोकत होते.

"दवाखान्यात मी तुला चल म्हणले ना," तुम्ही म्हणालात, "ते मपल्यासाठी म्हणले होते. तुझा इचार केला नव्हता मी. राजचा बी नाय. मला घरात कुणी बोलायला पायजे होतं, एवढंच."

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

"तू नाय म्हणलीस ते बरं केलंस. पण मला लय राग आला व्हता. एवढं पत्र लिहितीस, एवढं रडतीस, आन् यायला नको? मी पत्र चुलीत घालणार होते." तुम्ही डोळे पुसले, नव्या चष्म्याच्या खालून. "घातलं नाय. पण राग थोडा हाय अजून. खोटं कशाला बोलू?"

बाहेरून आरोहीची हाक आली आणि तुम्ही माझा हात सोडलात. तुम्ही दारापाशी वळून बघितलंत का, ते मला माहीत नाही. मी नळी बर्फाच्या डब्यात ठेवायला पाठ फिरवली होती. ती आधी ठेवावी लागते.

रिपोर्ट चांगला आहे. हिमोग्लोबिन जरा कमी. तिला नाचणी द्या, खजूर द्या, आणि क्रेट उचलू देऊ नका.

मी रविवारची सुट्टी मागून घेतली आहे. सकाळी गणेशवाडीला येते. इतके दिवस मी बाजारात तुमच्या समोर आले नाही, कारण राज असेल, लोक बघतील, तुम्ही मान वर करणार नाही. लोक बघतीलच. राजही असेल कदाचित, तर त्याला नमस्कार करीन. फुलं घ्यायला येत नाही आणि माफी मागायलाही येत नाही. झेंडू निवडायला हात हवा असेल तर देईन, नाहीतर नुसती बसेन.

तुमचा राग आहे म्हणालात तो असू द्या. मी आले की फक्त पोत्यावर थोडं सरका, म्हणजे मलाही बसता येईल.

तुमची
साधना